तीन दिवसांचं सुतक

तंजावूर
१२ जून १९९७

प्रिय अण्णा,

तुला पुण्याला जाऊन वर्ष होत आलं. माझी पत्रं तीन, तुझं अर्धं. अर्धं म्हणजे काकूंनी तामिळ अक्षरांत लिहिलेल्या मराठी पत्राखाली तू खरडलेल्या दोन ओळी. चुलत बहिणीला विसरलास तर विसर, पण पाच वर्षं शेजारच्या टेबलावर बसून जे कोठार माझ्याबरोबर बांधलंस, त्याची तरी चौकशी कर.

परवा बसवाला सतीशकुमार ऑफिसात आला तो हातवारे करतच. त्याच्या कुंभकोणम-बंगळूर बसमध्ये चौदा नंबरची सीट दोघांना दिली गेली. एक कॉलेजातले सर आणि दुसरा नवरदेवाचा मामा, मांडीवर मुरुक्कूचा डबा घेतलेला. पापनाशमपर्यंत दोघं एकाच सीटवर अर्धे अर्धे बसले आणि तिथे डबा उघडून मुरुक्कू खात खात भांडले म्हणे. सतीशकुमारने मला विचारलं, "तुमचं ते कोठार म्हणजे नक्की काय आहे बाई?" मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. परदेशी डेटाबेस परवडत नव्हते तेव्हा आमच्या कंपनीने स्वतःचा बनवला, त्याचं नाव कोठार. विक्री पुण्यातून होते, पण माहिती खरोखर डिस्कवर ठेवायचं आणि काढायचं काम ज्या भागात चालतं, तो भाग इथे तंजावुरात आम्ही सातजण करतो. तुझी प्रत्येक सीट म्हणजे टेबलातली एक ओळ. एक कारकून ती ओळ लिहीत असला की तिला लॉक लागतं, दुसऱ्याने थांबायचं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग लॉक पोकळ आहे तुमचं." मला असा राग आला की काय सांगू, कारण तो बरोबर बोलत होता.

आता खरी गोष्ट. गुरुराज सर पुण्याहून बैठक करून आले ते चेहरा पाडून. परदेशी डेटाबेस आता स्वस्त झालेत, जकात उतरली. वीस ऑगस्टला कंपनी ठरवणार की कोठार ठेवायचं, की बंद करून परदेशवाल्यांची एजन्सी घ्यायची. लॉकचा हा दोष तोवर निघाला तर आपण राहिलो. नाही तर तंजावूरच्या ऑफिसला टाळं.

टेस्टिंगचा प्रमुख तू आहेस. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे. म्हणून हे पत्र आपल्या जुन्या चिठ्ठ्यांच्या देवनागरी अक्षरांत लिहिते आहे. हिंदीच्या परीक्षांसाठी शिकलो आणि घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून वापरली, तीच ही अक्षरं. ऑफिसातही कुणाला वाचता येत नाहीत, ते बरंच आहे.

काकूंना नमस्कार, साईप्रियावहिनीला आठवण.

तुझी,
अखिला


पुणे
२५ जून १९९७

चि. अखिला,

रागावलीस? रागव. मी त्याच लायकीचा आहे. इथे सकाळी आठला निघतो आणि घरी येतो तेव्हा साईप्रियाने जेवण झाकून ठेवलेलं असतं. मराठी माणसांत आलो म्हणून हुरळलो होतो, पण मी 'पुसलं' म्हटलं की सगळे हसतात. आता 'विचारलं' म्हणायला शिकलोय.

तुझं पत्र अम्माला वाचून दाखवलं. मुरुक्कूचा डबा ऐकून ती इतकी हसली की ठसका लागला. तिला ही अक्षरं येत नाहीत, त्यामुळे तुझी पत्रं तिला माझ्याच तोंडून ऐकावी लागतात. मधून मधून पुसते, "अखिला आणखी काय लिहिली?"

कोठाराचं म्हणशील तर एक आनंदाची गोष्ट. बैठकीपुढे ठेवायचा रिपोर्ट साहेबांनी मला लिहायला सांगितलाय. दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असता तर आपली धडगत नव्हती. पण तू मला उघड्यावर पाडू नकोस. एखादा दोष तू लपवलास आणि ऐन बैठकीत दुसऱ्या कुणी काढला, तर मी तोंडघशी पडेन. म्हणून फक्त लॉकचं नाही, कोठारात जिथे जिथे गळतं ते सगळं लिही. काही गाळू नकोस. गुरुराज सरांना सांगायची गरज नाही, ते भित्रे आहेत, निम्मं खोडून टाकतील.

तू फक्त खरं लिही. भांडायचं काम माझं.

तुझा अण्णा,
प्रणवेश


तंजावूर
८ जुलै १९९७

प्रिय अण्णा,

सापडलं! म्हणजे दोष सापडला, औषध अजून नाही. आणि दोष का सापडत नव्हता ते ऐकलंस तर डोक्याला हात लावशील. तुमच्या पुण्याच्या टेस्टमध्ये प्रवाशांची नावं काय आहेत? लेले, काळे, गोरे. आमच्याकडे कारकून आधी नुसतं 'राजम' लिहितो, आणि मग ती बाई सांगते की तिरुवैयारु पंचनदम सांबशिव अय्यर यांची पत्नी, अमुक रस्ता, तमुक देवळासमोर. ओळ एवढी लांबते की आपल्या पानात मावत नाही. मग कोठार तिला उचलून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवतं, आणि लॉक मात्र जुन्या जागेवरच राहतं. दुसरा कारकून थेट नव्या जागी येतो, तिथे लॉक दिसत नाही, आणि तो खुशाल लिहितो. लेले आणि काळे यांनी आपलं पान कधी सोडलंच नाही, म्हणून तुम्ही पुण्यात दहा वर्षं जरी शोधत बसला असतात तरी हे दिसलं नसतं.

मी पहिलं औषध केलं ते असं, की जुनी आणि नवी दोन्ही जागा लॉक करायच्या. झालं भलतंच. एका टर्मिनलने जुनी धरली, दुसऱ्याने नवी, आणि दोघं एकमेकांची वाट पाहत बसले. 'पहिले आप' करत गाडी सुटावी तसं. धनलक्ष्मीने शेवटी मशीन बंद करून चालू केलं.

तू म्हणालास म्हणून बाकीचंही लिहिते. वीज गेली की इंडेक्स पुन्हा उभा करायला कोठाराला अर्धा दिवस लागतो. मध्येच बंद पडलेल्या टर्मिनलचं लॉक सगळं यंत्र बंद केल्याशिवाय सुटत नाही. एका टेबलात फार ओळींना लॉक लागलं तर कोठार न सांगता अख्खं टेबलच अडवून ठेवतं. आणि तुझ्या वेळचा तो तारखेचा गोंधळ मी निस्तरलेला नाही, नुसता झाकलाय.

हे लिहिताना हात अडखळत होता. गुरुराज सरांना कळलं तर माझी खैर नाही. पण वैद्याशी आणि वकिलाशी खोटं बोलू नये म्हणतात, आणि तू आमचा दोन्ही आहेस.

अखिला


पुणे
१९ जुलै १९९७

चि. अखिला,

घाईत लिहितो. तुझ्या पत्राचा फार उपयोग झाला.

आता नीट ऐक. पन्नास टर्मिनलांवर माझ्या टेस्टमधून पार पडल्याशिवाय कोणतीही दुरुस्ती कंपनी दुरुस्ती मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुमच्याकडे टर्मिनलं तीन, तेव्हा तिथे कितीही चाललं तरी उपयोग नाही. सगळं पंधरा ऑगस्टच्या सुमारास माझ्या हातात पडू दे. फ्लॉपी घरच्या पत्त्यावर पाठव. ऑफिसच्या टपालात पाकिटं चार चार दिवस लोळत पडतात.

अम्मा बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण वरलक्ष्मीच्या पूजेसाठी देवीचा चांदीचा मुखवटा आत्तापासून घासत बसली आहे.

प्रणवेश


तंजावूर
२ ऑगस्ट १९९७

प्रिय अण्णा,

जमलं. जमलं. जमलं. सोबतची फ्लॉपी जपून काढ, पुठ्ठ्यात घालून पाठवते आहे.

आज आडिप्पेरुक्कु. कावेरीला पूर आलाय आणि अम्मा तिची पूजा करायला चित्रान्नाचे डबे घेऊन तिरुवैयारूला गेली आहे. मी गेले नाही. गेले चार दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि सुचलं ते एका बाईमुळे. बँकेच्या रांगेत तिने मला विचारलं, "तुमचं ऊर कुठलं?" तिचा मुलगा म्हणे मस्कतला, सून चेन्नईत, पण ऊर विचारलं की सगळी मूळ गाव कुंभकोणम सांगतात. मी तशीच घरी पळाले. ओळ कुठेही राहायला जाऊ दे, लॉक तिच्या पहिल्या जागेच्याच नावाने लावायचं! नव्या जागी नुसतं लिहून ठेवायचं की ही मूळची कुठली. कुणी कुठल्याही वाटेने आला तरी त्याने मूळ जागेला विचारायचं, तिथे लॉक असेल तर थांबायचं. जागा एकच, म्हणून एकमेकांची वाट पाहत बसणंही नाही. तीन टर्मिनलांवर मी आणि धनलक्ष्मीने मालगाडीएवढी नावं घालघालून पाहिली. एकदाही चुकलं नाही. धनलक्ष्मीने माझी दृष्ट काढली, खरोखर, मीठ-मिरच्या घेऊन.

आता एक वाईट बातमी. चांगलं-वाईट एका पाकिटात घालू नये असं अप्पांनी बजावलं होतं, पण दोन पाकिटं करण्याइतका धीर मला नाही. पापनाशमचे वेंकटराव आजोबा वीस जुलैला गेले. नव्वदी ओलांडली होती, सकाळी कॉफी पिऊन झोपाळ्यावर बसले ते उठलेच नाहीत. तुमच्या घरी फोन नाही, आणि ऑफिसच्या फोनवर असलं सांगणं बरं दिसत नाही. शिवाय अप्पांची नेहमीची दया तुला माहीत आहे. लांबच्या भाऊबंदांना ते मुद्दाम दहा दिवस उलटल्यावर कळवतात, म्हणजे सुतक दहाचं तीन दिवसांवर येतं. पत्र आठवड्यात पोचेल आणि काकू वरलक्ष्मीच्या आत मोकळ्या होतील, असा त्यांचा हिशोब आहे. तू त्यांना सावकाश सांग.

रजिस्टर करायचं होतं, पण पोस्टातली ती खिडकी आज सणामुळे लवकर बंद झाली. सोमवारपर्यंत थांबणं माझ्याच्याने होणार नाही. साध्या टपालाने टाकते.

आता सगळं तुझ्या हातात.

अखिला


पुणे
२६ ऑगस्ट १९९७

चि. अखिला,

कसं लिहू कळत नाही. वीस तारखेला निर्णय झाला. कोठार बंद. तंजावूरचं ऑफिस ऑक्टोबरअखेर मिटवणार.

मी रोज टपालाची वाट पाहिली. एकोणीसच्या संध्याकाळी खाली जाऊन पोस्टमनशी भांडलो. बैठकीत साहेबांनी विचारलं, लॉकचा दोष निघाला का? रिकाम्या हाताने मी काय सांगणार होतो? टेस्टसाठी काहीही आलेलं नाही, एवढंच खरं बोलता आलं. आणि तुझं पाकीट पडलं काल, पंचवीसला. पाऊस, रेल्वे, टपाल खातं, कुणाला दोष द्यायचा? तू रजिस्टर केलं असतंस तर, असं मनात आलं. पण तू बिचारी आनंदात होतीस, तुला कोण बोलेल?

वेंकटराव आजोबांचं वाचून वाईट वाटलं. आज सकाळी स्नान करून ऑफिसला आलो. अम्माला संध्याकाळी सांगेन.

तू पुण्याला ये. परदेशी डेटाबेसचा नवा विभाग निघतोय, तिथे तुझ्यासाठी जागा करायचं माझ्याकडे लागलं. तुझ्यासारखं डोकं वाया जाऊ देणार नाही.

तुझा अण्णा


तंजावूर
३ सप्टेंबर १९९७

प्रिय अण्णा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला माझ्यामुळे बैठकीत खाली बघावं लागलं, याचंच जास्त वाईट वाटतं.

मी गुरुराज सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं की चूक माझी. मी तुला परस्पर पाठवलं, आणि तेही साध्या टपालाने. सर चष्मा पुसत बसले. मग बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं. धनलक्ष्मी म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबली असतीस तर काय झालं असतं, अखिला?" तेव्हापासून ती जेवायला माझ्या टेबलाशी येत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन मुलं आहेत तिला, आणि या गावात आमचं काम देणारं दुसरं ऑफिस नाही.

पुण्याचं विचार करून कळवते. अप्पा नाही म्हणणार नाहीत, तू आहेस म्हटल्यावर.

अखिला


पुणे
४ सप्टेंबर १९९७

चि. अखिलास काकूचे आशीर्वाद.

मजला तुमची ती अक्षरें येत नाहींत, म्हणून आपल्या तामिळ अक्षरांत लिहित्यें. मागल्या महिन्यापासून लिहीन लिहीन म्हणत्यें, गुडघा बसूं देत नाहीं.

यंदा वरलक्ष्मी वेळेवर झाली नाहीं हो. तुझें पत्र आलें तें नेमकें बुधवारीं, सणाच्या दोन दिवस आधीं. प्रणवेशानें वाचून दाखवलें. पापनाशमचे मामंजी गेले हें ऐकून लई वाईट वाटलें. माझ्या लग्नांत त्यांनींच पंगतीला तूप वाढलें होतें. तसेंच उठून स्नान केलें. तीन दिवसांचें सुतक, मग शुक्रवारीं कलश कोठें मांडणार? मुखवटा घासला तो कपाटांत ठेवला. पुढल्या शुक्रवारीं केली पूजा. प्रणवेश बाकी सुतक बेस पाळला, देवाच्या खोलींत पाऊल टाकला नाहीं. ह्या बाबतींत तो बापावर गेला.

सुतक फिटलें त्या शनिवारीं तो ऑफिसांतून आला तो हसतच. मी पुसलें, काय रे? "अम्मा, अखिलेचें चाललें! पन्नास माणसें बसवून पाहिलीं, एक सीट दोघांला गेली नाहीं," म्हणाला. दोनदां रसम वाढून घेतलें. मग तुजला बढती कधीं? इथें मजला कोणी कांहीं सांगत नाहीं. त्या सोमवारपासून तो फार गप्प आहे, काम जास्त असेल.

तुझी काकू,
शेषम्मा


तंजावूर
१३ सप्टेंबर १९९७

प्रणवेश,

काकूंचं पत्र आलं. वरलक्ष्मी का हुकली ते त्यांनी लिहिलंय. माझं पत्र तेरा ऑगस्टला, बुधवारी तुझ्या घरी पोचलं. तू ते त्यांना वाचून दाखवलंस, अंघोळ केलीस, तीन दिवस सुतक पाळलंस. आणि मला लिहितोस की पाकीट पंचवीसला मिळालं, अम्माला संध्याकाळी सांगेन!

मला तुझं आश्चर्य वाटतं ते एवढ्याचंच. सहज बातमी दाबता आली असती. अप्पा दहा दिवस दाबतात, तू आणखी बारा दाबली असतीस. पण नाही, सुतक चुकवायचं धाडस तुला झालं नाही. मेलेल्या माणसाला भ्यालास. मी जिवंत आहे, माझी काय भीती!

शनिवारी टेस्ट चालली. पन्नास माणसांवर चालली. तू घरी येऊन आईला सांगितलंस, आणि बुधवारी बैठकीत म्हणालास, काहीही आलेलं नाही.

गुरुराज सरांकडून तुझा रिपोर्ट मागून वाचला. वीज गेल्यावरचा अर्धा दिवस आहे. अडकलेलं टर्मिनल आहे. अख्खं टेबल अडतं ते आहे. तारखेचा गोंधळ, जो तू केलास आणि मी झाकला, तोही आहे, माझ्या नावावर. माझीच वाक्यं, इंग्रजीत घातलेली. तू 'सगळं लिही, गाळू नकोस' म्हणत होतास तेव्हा मी इथे म्हणत होते, बघा, आमचा अण्णा किती जीव लावून विचारतो. गुरुराज सर मला म्हणाले होते की पुण्याला जपून लिहीत जा. मी त्यांना मनातून हसले होते.

मी धनलक्ष्मीसमोर उभी राहून चूक माझी म्हटलं. सहा माणसांसमोर म्हटलं. तू मला तसं म्हणू दिलंस. रजिस्टर केलं असतंस तर, असं लिहिताना तुझा हात कसा चालला रे?

एकदा तरी खरं लिही. का केलंस?

अखिला


पुणे
२५ सप्टेंबर १९९७

अखिला,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. काही नाकारत नाही.

शनिवारी टेस्ट पार पडली तेव्हा मला झालेला आनंद खोटा नव्हता, हे तू मानणार नाहीस. सोमवारी निकाल घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. परदेशी कंपनीशी बोलणी जूनमध्येच पक्की झाली होती, अखिला. बैठकीला फक्त एक कारण हवं होतं, आणि ते कारण म्हणजे लॉकचा दोष. साहेब म्हणाले, दुरुस्ती आलीच नाही असं समज. नवा विभाग तुझा, जानेवारीत सिंगापूरला शिकायला जा. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी सही केली असती. कोठार बुडणारच होतं. मग दोघांनी बुडण्यापेक्षा एक तरी वर राहावा आणि त्याने दुसऱ्याला हात द्यावा, असा मी विचार केला. म्हणून तर तुला ये म्हणत होतो. अजूनही म्हणतो.

पाकिटाचं खोटं बोललो, कारण खरं लिहिण्याची हिंमत झाली नाही.

एकच मागतो. अम्माला सांगू नकोस. तिचा माझ्यावर फार भरवसा आहे, आणि तिला आता माझ्याशिवाय कोण आहे? तू मला काहीही म्हण, मी ऐकून घेईन.

प्रणवेश


तंजावूर
३ ऑक्टोबर १९९७

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुम्ही बढतीचं विचारलंत. बढती नाही. ऑफिसच बंद होतं आहे आणि आम्ही सातजण घरी बसणार आहोत. माझी दुरुस्ती बरोबर होती, ती वेळेवर पोचली, तुमच्या मुलाने ती चालवून पाहिली, आणि मग कंपनीला सांगितलं की ती आलीच नाही. त्याबद्दल त्याला नवा विभाग मिळाला आणि सिंगापूरला जायला मिळणार आहे. मला त्याने लिहिलं की चूक माझ्या टपालाची.

काकू, मी हे तामिळ अक्षरांत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतःला वाचता आलं असतं. पेन घेऊन बसलेही होते. पण माझ्या लहानपणी मला उन्हातून तिरुवैयारूपर्यंत सायकलवर नेणाऱ्या माणसाची चहाडी त्याच्या आईकडे करणं मला जमेना. त्याने स्वतः सांगावं. म्हणून त्याला येणाऱ्या अक्षरांत लिहिते आहे. हे पत्र तुम्ही त्याच्याच तोंडून ऐकावं. त्याने हे पूर्ण वाचून दाखवलं, तर मी पुन्हा त्याला अण्णा म्हणेन, आणि मनात काही ठेवणार नाही. धनलक्ष्मीला काय सांगायचं ते मी बघून घेईन.

मी पुण्याला येणार नाही.

तुमची,
अखिला


पुणे
१४ ऑक्टोबर १९९७

चि. अखिलास काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझें पत्र आलें. प्रणवेशानें दसऱ्याच्या दिवशीं वाचून दाखवलें. ऑफिस बंद होतें हें ऐकून मजला लई वाईट वाटलें. पण तू लिहिलीस कीं ह्यांत कोणाचाच दोष नाहीं, वरच्या लोकांनीं ठरवलें तें झालें, तें वाचून म्हटलें, पोरीला देवानें किती शहाणपण दिलें आहे. दुसरी पोर असती तर कोणावर तरी बोट दाखवली असती. तुजला घरचें सोडून पुण्याला येववत नाहीं, हेंही बरोबर. अप्पांजवळ राहा. देव तिथेंच कांहीं तरी देईल.

"अण्णानें माझ्यासाठीं फार धडपड केली, त्याला वाईट वाटून घेऊं देऊं नका," हें तू लिहिलेंस ना, तेथवर वाचला. पुढें वाचवेना त्याला. कागद घडी करून खिशांत ठेवला आणि गच्चींत जाऊन उभा राहिला. साईप्रिया कॉफी घेऊन गेली तर परत पाठवला. पोराला एवढा रडलेला मी त्याचे वडील गेले तेव्हांही पाहिला नाहीं. भाऊ-बहिणीची अशी माया हल्लीं कोठें दिसते?

तू त्याच्यावर रागावली असशील असें मजला मधें वाटलें होतें. तुझें पत्र ऐकलें आणि जीव शांत झाला. असेंच लिहीत जा. तो वाचून दाखवील.

तुझी काकू,
शेषम्मा